नकाशात गाव आहे, शिवारात नाही

आर्वी तालुक्यातल्या एका तरुण भावाचा प्रश्न आला आहे. त्यांनी मेटल डिटेक्टर घेतला, इंग्लंडमधले व्हिडिओ पाहून हौस लागली, आणि दोन महिने घरच्या व काकांच्या वावरात फिरवूनही खिळे, वखराच्या पासेचे, म्हणजे लोखंडी पात्याचे, तुकडे आणि बाटल्यांची बुचं याशिवाय काही हाती आलं नाही. आजोबा सांगायचे की आपल्या शिवेला लागून एक जुनं गाव होतं. आता तिथे नुसती वावरं आहेत. जुने नकाशे पाहून अशी जागा नेमकी कशी काढायची, असं ते विचारतात.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून एकतीस वर्षं काढली, बहुतेक नोकरी वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांत. बुजलेल्या हद्दी शोधून देणं हेच काम. निवृत्त झाल्यावर उजाड गावांच्या जागा नकाशावर मांडायचा नाद लागला आणि गेली नऊ वर्षं तेच करतो आहे. डिटेक्टर माझ्याकडेही आहे. उत्तर लांबेल, पण यातलं बहुतेक पायी फिरून पाहिलेलं आहे.

तुम्ही विचारता, डिटेक्टर कुठे फिरवू. मी त्याआधी एक विचारतो: माणसं कुठे जमत होती, आणि तिथून केव्हा उठली? वस्तू हरवते ती माणूस जिथे बसतो, ओझं उतरवतो, पैसे मोजतो, अंघोळ करतो तिथे. वावरात माणूस वखर, डवरा, विळा घेऊन असतो, म्हणून वावरात वखराची पासच सापडणार. त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. जमण्याच्या जागा नकाशावर असतात. त्यातही कामाची ती, जी जुन्या नकाशावर आहे आणि नव्यावर नाही. म्हणून एक नकाशा पुरत नाही. वेगवेगळ्या सालांचे दोन नकाशे एकावर एक ठेवले की त्यांच्यात जिथे फरक पडतो, तिथे जायचं.

नकाशांकडे वळण्याआधी कायद्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. इंग्लंडमध्ये शेतमालकाच्या परवानगीने डिटेक्टर फिरवण्याची रीत आहे. मौल्यवान साठ्यांसाठी १९९६ चा वेगळा कायदा आहे, आणि किरकोळ वस्तूंची नोंद करायला १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम आहे. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कोणत्या तारखेला. वस्तू सरकारी खजिन्यात जमा करायची, नाहीतर मागाल तेव्हा हजर करीन असा जामीन द्यायचा. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि जागामालकाने साथ दिली तर त्यालाही सहा महिन्यांपर्यंत. वावर स्वतःचं आहे म्हणून यातून सुटका नाही. शिवाय शंभर वर्षांहून जुनं नाणं किंवा मूर्ती १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते. संरक्षित स्मारकात किंवा टेकाडावर परवान्याशिवाय कुदळ लावताच येत नाही, आणि राखीव जंगलात तर डिटेक्टर घेऊन शिरूच नका. तुमच्या तालुक्यातून नदी ओलांडली की कौंडिण्यपूर आहे. तिथे १९६० च्या दशकात रीतसर उत्खनन झालं आहे. तिकडेही यंत्र नेऊ नका.

माझा स्वतःचा नियम सोपा आहे. जुन्या वस्तीच्या जागेवर मी खोदत नाही. वर पडलेलं पाहतो, फोटो काढतो, जागा टिपतो, आणि काही जुनं दिसलं तर लेखी कळवतो. डिटेक्टरने आवाज कुठे दाट येतो ते कागदावर मांडतो, बस. हा नियम केवळ भीतीपोटी केलेला नाही. १९३९ साली मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा गावी सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ती नाणी वाचली आणि कुंभ, कर्ण अशी राजांची नावं त्यातून उजेडात आली, जी पुराणांतल्या वंशावळींत नव्हती. तीच नाणी सापडणाऱ्यांनी वाटून घेऊन मोडीत घातली असती, तर ते राजे आपल्याला कधी कळलेच नसते. एक नाणं सुटं मिळालं तर त्याची किंमत किरकोळ असते. ते कोणत्या गावच्या कोणत्या वावरात, कशासोबत होतं, हे माहीत असलं तर त्या नाण्याला बोलता येतं.

आता नकाशे. पहिला लागतो तो सर्व्हे ऑफ इंडियाचा टोपोशीट, म्हणजे गावं, वाटा, नाले, टेकड्या दाखवणारा नकाशा. जुने शीट एक इंच म्हणजे एक मैल या प्रमाणाचे, नवे पन्नास हजारी, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. शीटचे आकडे एकदा समजून घ्या, मग चुकणार नाही. ५५ क्रमांकाचा मोठा चौकोन ७६ ते ८० अंश रेखांश आणि २० ते २४ अंश अक्षांश असा आहे. त्यात ए पासून पी पर्यंत सोळा भाग, आणि प्रत्येक भागात पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा शीट. आर्वी शहर ५५ एल/१ च्या अगदी ईशान्य कोपऱ्यात येतं. म्हणजे तुमचं गाव आर्वीच्या आसपासचं असेल, तर ५५ एल/५, ५५ के/४ आणि ५५ के/८ हेही पाहावे लागतील. बरेच जण एक शीट पाहतात, त्यात गाव दिसत नाही, आणि म्हणतात नकाशात नाही. गाव शेजारच्या शीटवर असतं.

शीटवर खूणपत्रिका असते, ती नीट वाचा. वस्ती असलेलं गाव भरीव दाखवतात आणि उजाड गाव पोकळ, नुसत्या रेषांचं. ती पोकळ खूण दिसली की मी थांबतो. सीजी अशी अक्षरं दिसली तर तो पडावाचा माळ, म्हणजे फौजा, साहेबलोक, व्यापारी यांचे तंबू पडायचे ती जागा. पक्क्या विहिरीची खूण आणि कच्च्या विहिरीची खूण वेगळी असते. वस्ती नाही आणि पक्की बांधीव विहीर मात्र आहे, असं दिसलं तर ती विहीर कुणासाठी बांधली, हे शोधायलाच हवं.

समासात सर्व्हे केल्याचं वर्ष आणि छापल्याचं वर्ष, दोन्ही असतात. दोघांत बरंच अंतर असू शकतं. आपल्याला सर्व्हेचं वर्ष हवं. समास फाटलेला असेल तर रेल्वे पाहा. मुंबईची रेल्वे नागपूरला १८६७ साली पोचली, तेव्हा ज्या नकाशात ती नाही तो त्याआधीचा. तुमच्याकडे पुलगाव-आर्वी नॅरो गेज मार्गाचाही असाच उपयोग होतो.

आता एक चूक सांगतो, जिने माझा एक पूर्ण उन्हाळा खाल्ला. जुन्या शीटवरून एका उजाड गावाचे अक्षांश-रेखांश काढले, मोबाइलमध्ये घातले आणि गेलो. सपाट कपाशीचं वावर. खापराचा एक तुकडा नाही. तीनदा गेलो. मग एकदा शीटच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं: रेखांशात २ मिनिटं २७ सेकंद वजा करावेत. जुने रेखांश मद्रासच्या वेधशाळेवरून धरलेले, आणि त्या वेधशाळेचा आकडाच तेवढा चुकीचा होता. आपल्या अक्षांशावर २ मिनिटं २७ सेकंद म्हणजे जवळजवळ सव्वाचार किलोमीटर. मी गावाच्या सव्वाचार किलोमीटर पूर्वेला उभा राहून गाव शोधत होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीनंतर ही दुरुस्ती नकाशांत केली गेली, पण त्याआधीचा कागद हाती असेल तर तळाची ओळ वाचल्याशिवाय घर सोडू नका. अक्षांशाला ही अडचण नाही.

ही मोजणी आपल्या मातीतून गेलेली आहे, हे मला नेहमी आठवतं. १८०२ मध्ये मद्रासकडून सुरू झालेली महात्रिकोणमितीय मोजणी ७८ रेखांशाच्या आसपास धरून उत्तरेकडे सरकली, आणि ती चालवणारे विल्यम लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. तुमच्या शीटवरचे त्रिकोण, म्हणजे टेकडीवरची मोजणीची ठाणी, त्याच कामातून वाढलेली आहेत.

हे आकड्यांचं झंझट टाळायचं असेल तर क्यूजीआयएस नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम वापरा. जुना नकाशा स्कॅन करून त्यावरचे पाच-सहा पक्के बिंदू आजच्या उपग्रह चित्राशी जुळवायचे, म्हणजे नकाशा आपोआप बसतो. कोणते बिंदू घ्यायचे, यात अनुभव लागतो. जुनं देऊळ, टेकडीवरचं मोजणीचं ठाणं, रेल्वे आणि रस्ता जिथे एकमेकांना छेदतात ती जागा, हे चांगले. नाला आणि नदीकाठ कधीही घेऊ नका. सुरुवातीला मी एकदा नाल्याचं वळण धरून नकाशा बसवला आणि दोन दिवस चुकीच्या काठावर हिंडलो. नाल्याने दरम्यान आपली वाट बदलली होती. काळ्या मातीतला नाला एका मोठ्या पुरात काठ खाऊन दुसरीकडे वळतो.

टोपोशीटने तुम्ही पाव-अर्ध्या किलोमीटरपर्यंत पोचता. पुढे लागतो गावनकाशा, आणि इथे परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं. वर्धा नदीच्या पूर्वेकडचा भाग जुन्या मध्य प्रांतातला, मालगुजारीचा, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरायचा. पश्चिमेकडे वऱ्हाड, ते १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या हाती आलं आणि तिथे मुंबईच्या धर्तीवर रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेण्याच्या पद्धतीची, मोजणी झाली. १९०३ मध्ये दोन्ही एका कारभाराखाली आले, पण दप्तरं वेगळीच राहिली. तुमचे आजोबा म्हणतात ते गाव नदीच्या कोणत्या अंगाला आहे, यावर कोणता कागद मागायचा ते ठरतं.

पूर्वेकडे असेल तर बंदोबस्ताची मिसल (सारा ठरवतानाची जुनी कागदपत्रं), गावनकाशा आणि निस्तार पत्रक मागा. निस्तार पत्रक माझ्या फार आवडीचा कागद आहे. मालगुजारी १९५१ मध्ये गेली तेव्हा गावकऱ्यांचे सामाईक हक्क कुठे कुठे आहेत ते त्यात नोंदवले गेले: चराई, गुरांचं आखर, खळवाडी, मसणवटा, बाजाराची जागा, जाण्यायेण्याची पांधण. उजाड मौजाच्या निस्तार पत्रकात मसणवट्याचा नंबर आला तर समजा, त्याच्याजवळ कधीतरी गावठाण होतं. मसणवटा एकटा नसतो.

पश्चिमेकडे असेल तर जुना सर्व्हे नंबराचा नकाशा आणि टिप्पण. टिप्पण म्हणजे मोजणीच्या वेळी त्या वावराच्या बाजूंची घेतलेली मापं, साखळी-आण्यांत. एक साखळी ३३ फूट, तिचे १६ आणे. टिप्पणावर ७ साखळ्या ४ आणे असं लिहिलेलं असेल तर ते साधारण २३९ फूट. पायाने मोजता येईल इतकं हे सरळ आहे. विहीर, देऊळ, मोठं झाड धुऱ्यापासून किती अंतरावर, हेही बऱ्याच टिप्पणांवर असतं. गट योजना झालेल्या, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडून गट पाडलेल्या, गावात नंबर बदललेले असतात. तिथे जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचा तक्ता मागायला विसरू नका. नक्कल तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मिळते. जुना कागद जीर्ण असतो, तेव्हा तिथल्या माणसाला वेळ द्या आणि दोनदा जायची तयारी ठेवा.

सगळ्यात आधी मात्र नाव शोधा. आपल्याकडे उजाड गावाला रिठी म्हणतात, आणि सातबाऱ्यावर आजही मौजा अमुक रिठी असं लिहून येतं. माणूस एक नाही, पण महसुलाच्या दप्तरात गाव जिवंत असतं. जनगणनेच्या गावयादीतही अशी गावं निर्जन म्हणून दाखवलेली असतात. तालुक्याची यादी घेऊन बसा, एका संध्याकाळचं काम आहे. त्याखेरीज वावरांची नावं विचारा. देवळाचं वावर, बाजाराचं वावर, गढीचं वावर, पांढरीचं वावर. नाव टिकतं, देऊळ पडून तीन पिढ्या झाल्या तरी वावराचं नाव देवळाचंच राहतं.

एकदा निम्न वर्धा धरणाच्या बुडीत क्षेत्राची यादीही तपासा. त्या कामात उठलेली गावं वेगळी आणि रिठी वेगळी. धरणातल्या गावांच्या जमिनी संपादित झालेल्या आहेत, तिथे कोणाचं वावर म्हणून परवानगी मागणार?

समजा, जागा मिळाली. आता डोळ्यांनी ओळखायचं. गावाची पांढरी आणि शेताची काळी, हे आपले जुने शब्द उगाच पडलेले नाहीत. मातीच्या भिंती शंभर-दोनशे वर्षं पडत राहतात, त्यात चुलीची राख, शेण, भुसा मिसळतो, आणि त्या जागेची माती फिकट, मऊ, पिठासारखी होते. चैत्र-वैशाखात नांगरट झाल्यावर धुऱ्यावर उभं राहून पाहा. आजूबाजूला काळंभोर रान आणि मध्ये पांढरट डाग दिसतो, थोडा उंचवटाही असतो. उपग्रह चित्रातही एप्रिल-मेचं चित्र घेतलं तर तो डाग ओळखू येतो.

दोन वर्षांपूर्वी असाच एका रिठीत गेलो होतो. नकाशा नीट बसवला होता, तरी मला पांढरी सापडेना. बकऱ्या चारणारे एक आजोबा जवळ आले. "काय शोधून राह्यले जी?" मी गावाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "गावठाण इथी नोहे. तो मारोती दिसते ना, त्याच्या मांगं. आमची आजी तथूनच पाणी आने." दीडशे पावलं चाललो. कडुनिंबाखाली शेंदूर लावलेला मारुती, ताजा नारळ फोडलेला. गाव उठलं तरी शेजारच्या गावची मंडळी हनुमान जयंतीला अजून येतात. मागे चिंचेची दोन जुनी झाडं, आणि खाली सगळी पांढरी. पहिल्या पावसाने धुतलेली होती. खापरांचे तुकडे इतके की पाय ठेवताना कडकड वाजायचे. हिरव्या-निळ्या काचेच्या बांगड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, जात्याची फुटलेली तळी, एका पाट्याचा कोपरा, बाईच्या हाताने मध्ये घासून खोलगट झालेला. मी डिटेक्टर पिशवीतून काढलाच नाही त्या दिवशी. बांधीव विहिरीचा घेर मोजला, चार कोपऱ्यांचे जीपीएस आकडे घेतले, आजोबांकडून कुटुंबांची आडनावं लिहून घेतली.

अशा जागी डिटेक्टरकडून काय अपेक्षा ठेवावी? फार नाही, आणि त्याची कारणं समजून घेतली तर निराशा होणार नाही. गावं दोन तऱ्हांनी उठतात. पाणी आटलं, नदी वरचेवर घरात येऊ लागली, म्हणून हळूहळू उठलेलं गाव सगळं सोबत नेतं. सागवानी दारं, चौकटी, नाटा, लोखंडी कड्यासुद्धा. तिथे फुटकं आणि निकामी तेवढंच उरतं. घाईने उठलेलं गाव वेगळं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, त्याच सुमारास प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएंझा, आणि त्याही आधी पिंढाऱ्यांची धाड. पण घाईने उठलेली गावं पुढे बहुतेक पुन्हा वसली, म्हणून ती रिठी म्हणून उरत नाहीत. जी रिठी उरली आहे ती बहुधा सावकाश रिकामी झालेली आहे.

दुसरं, आपली काळी माती. बेसॉल्टपासून झालेली असल्याने तिच्यात लोहयुक्त खनिजं असतात, आणि साधा डिटेक्टर त्यांनाच दाद देत राहतो. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज दबेल अशी यंत्राची जुळणी, दर वावरात नव्याने करा, आणि पांढरीतून काळीत पाऊल टाकलं की पुन्हा करा. दोन्हींचा स्वभाव वेगळा. संवेदनशीलता कमी ठेवली तर खोलवरचं ऐकू येणार नाही, पण खोटे आवाज थांबतील. तुम्ही खोदणारच नसाल तर खोलवरचं ऐकून करायचं काय?

तिसरी गोष्ट व्हिडिओत कुठेच नसते. उन्हाळ्यात काळ्या मातीला हातभर, कधी कंबरभर खोल भेगा पडतात. वर पडलेली वस्तू भेगेत जाते, पावसाळ्यात माती फुगून भेग मिटते, आणि वस्तू आत बंद होते. दरवर्षी माती अशी खालीवर होत असते. म्हणून खोलवर मिळालं म्हणजे जुनं, हा हिशेब आपल्या काळीत चालत नाही. गेल्या वर्षीचं नटबोल्ट दीड हात खाली आणि १८३५ चा कंपनीचा पाव आणा मातीवर, असं मी स्वतः पाहिलं आहे. तो पाव आणाही १८३५ मध्ये पडला असं नव्हे; तांब्याची नाणी कित्येक दशकं हातोहात फिरायची.

चौथं, शेतकऱ्याने वाहून नेलेली माती. पांढरीची माती खताला चांगली, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी रिठीतून आणि पडक्या गढ्यांवरून ती दमण्या भरभरून वावरात नेली. उकिरड्याचं खतही तसंच. घर झाडताना त्यात गेलेलं जोडवं शेवटी वावरात पोचतं. तेव्हा काकांच्या वावरात एखादं जुनं नाणं निघालंच, तर लगेच तिथे वस्ती होती असं धरू नका. आधी विचारा, इथे कुणी माती टाकली होती का. आणि उलट, ती माती कुठून आणली याचं उत्तर मिळालं, तर तुम्हाला हवी असलेली रिठी बहुधा तीच.

रिठीखेरीज मला भरवशाचे वाटतात ते नदीचे उतार. पूल होण्याआधी गाड्या जिथून नदी ओलांडायच्या, त्या जागेकडे जुन्या नकाशात दोन्ही काठांवरून गाडीवाटा येऊन मिळतात. नव्या नकाशात वाट पुलाकडे वळलेली असते आणि जुनी वाट पांधण होऊन संपते. बैल सोडायचे, पाणी प्यायचे, ओझी चढवायची-उतरवायची, बंजाऱ्यांच्या मिठाच्या तांड्यांनी मुक्काम करायचा, हे सगळं तिथे. बैलांचे नाल आणि गाडीच्या चाकाच्या धावेचे तुकडे अशा जागी आढळतात, आणि वाट किती चालती होती हे त्यांवरूनच कळतं. लोखंड म्हणून ते फेकू नका, मोजा. पडावाचे माळ आता बहुतेक ई-क्लासमध्ये, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीत, किंवा अतिक्रमणाखाली आहेत. बाजाराच्या जागांवर पुढे घरं झाली.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आपल्या भागात जमिनीत यंत्र फिरवणारा अनोळखी माणूस दिसला की लोकांच्या मनात पहिला शब्द येतो गुप्तधन. त्यामागे कारण आहे. गुप्तधनाच्या नादाने अघोरी प्रकार झालेले आहेत, आणि महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून रात्री कधीही जाऊ नका. अमावास्येच्या आसपास तर दिवसाही टाळा. शेतमालकाची परवानगी लेखी घ्या, आणि जाण्याआधी पोलीस पाटलांना, सरपंचांना, जमलं तर कोतवालांना भेटून नकाशा उघडून दाखवा. नकाशा पाहिला की लोकांचा चेहरा बदलतो. तेच मग बोट ठेवून सांगू लागतात, हे आमचं वावर, इथे आमच्या पणज्याचं घर होतं. मला मिळालेल्या निम्म्या माहितीचं मूळ अशा बैठकीत आहे. देवाच्या ओट्याजवळ, मातामायच्या झाडाखाली, समाधीजवळ यंत्र चालवू नका, परवानगी असली तरीही.

तुमच्यापुरतं बोलायचं तर या मोसमात डिटेक्टर बाजूला ठेवून तीन कामं करा. आजोबांच्या वयाची जी माणसं गावात आहेत त्यांच्याकडून त्या गावाचं नाव आणि तिथे कोणाच्या सोयरिकी होत्या ते लिहून घ्या. तालुक्याच्या गावयादीत त्या नावापुढे रिठी लिहिलेलं आहे का ते पाहा. मग त्या मौजाच्या गावनकाशाची नक्कल काढा आणि गावठाणाचा नंबर शोधा. नांगरट झाली की नकाशा हातात घेऊन, त्या नंबराच्या मालकाला सोबत घेऊन एक सकाळ चाला. पांढरी दिसली तर तिच्या कडेकडेने पावलं मोजत एक फेरी मारा आणि तिचा आकार वहीत काढा. मसणवटा कुठे, विहीर कुठे, मारुती कोणत्या दिशेला, हे त्याच कागदावर घ्या. त्यानंतर डिटेक्टर फिरवलात तर आवाज कुठे दाट आणि कुठे विरळ येतो, ते त्याच आकारात ठिपक्यांनी भरा. घरांच्या ओळी आणि गावातला रस्ता अशा ठिपक्यांतून कधी कधी उमटतात, एकही खड्डा न करता.

गावाचं नाव कळलं की मला कळवा, आणि नदीच्या कोणत्या काठाला आहे तेही लिहा. माझ्याकडे आर्वी आणि आष्टी तालुक्यांतल्या रिठ्यांची जी हाताने केलेली यादी आहे तिच्यात ते आहे का, ते पाहून सांगतो. नसेल तर तिच्यात तुमच्या आजोबांच्या तोंडचं नाव लिहून ठेवीन.